शंभर पावलं

फाटकाला आरसा टांगलेला मी जन्मात एकाच ठिकाणी पाहिला. न्हाव्याच्या दुकानात असतो तसा चौकोनी, एका कोपऱ्याचा पारा उडालेला. बाजारहत्नूरहून निघालेला रस्ता जिथं सागाच्या झाडीत शिरतो, तिथं जंगल खात्यानं जखमी आणि पोरक्या रानजनावरांसाठी एक केंद्र काढलं होतं. चारी बाजूंनी उंच जाळी, जाळीला आतून हिरवं कापड, आणि पुढं हे लोखंडी फाटक. कोणी येऊन "जरा जनावरं पाहू द्या" म्हणाला, की आतून एक माणूस यायचा. डोक्यावरून पोत्याची खोळ घेतलेला. पाऊस नाही, पाणी नाही, भर उन्हाळ्यात खोळ! तो आरशाकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "पाहाचं असन तं पाहा."

लोक चिडायचे. काहीजण मात्र आलोच आहोत तर म्हणून भांग सारखा करून जायचे.

एकदा कोणी मोठे साहेब बायकोमुलांना गाडीत घालून आले. पोरांना हरीण पाहायचं होतं. खोळवाल्यांनी आरसा दाखवला. साहेबांचा आवाज चढला, तसे हे फाटकाबाहेर आले, फाटक मागं लावून घेतलं आणि अगदी हळू म्हणाले, "सायेब, हरीण पाहाचं असन तं निर्मलले जा. लाकडाचं भेटते, रंगवलेलं. त्याले हात लावा, मुके घ्या, काही होत नाही त्याले." मी भाजीचं टोपलं घेऊन तिथंच उभी होते. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटली, की आता हा माणूस जातो कामावरून. पण कोण काढणार? रिटायर होऊन आलेला माणूस, पगार नावाला, आणि ते काम करायला दुसरा कोणी तयार नव्हता.

मी त्यांना भाऊ म्हणायची. सगळं गाव भाऊच म्हणायचं. आधी ते आमच्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपोंडर होते, आणि तेव्हा त्यांचं तोंड म्हणजे बाप्पा! बैलाला सुई टोचताना बैलाला गोंजारायचे आणि मालकाला शिव्या घालायचे. "तुह्या खांद्यावर ठेवू का जू? बांधू का नाकात दोर?" लोक बैल बरा करायला नेत, आणि स्वतः पाणउतारा करून घेऊन येत. असा बोलघेवडा माणूस केंद्रात गेला आणि त्याची वाचाच बसली म्हणा. जाळीच्या आत ते एक शब्द बोलत नसत. डॉक्टर जिल्ह्याहून यायचे, त्यांच्याशीही हातवारे. बाहेर आले तरी आवाज इतका हळू, की कान पुढं करावा लागायचा.

ते केंद्रात गेल्यावर त्यांची माझी पहिली गाठ पडली ती बाजारात, आणि ती भांडणातच.

मी भाजीवाली. आमची थोडी बागायत आहे, वांगी, गवार, पालक, आंबाडी. बाकी कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. आठवडी बाजार उठायच्या वेळेला हे रिकामं टोपलं घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. केंद्राला भाजी पाहिजे, एवढं मी ऐकून होते. मी उरलेला पालक, पिवळा पडलेला, अळीनं खाल्लेला, मोठ्या मनानं त्यांच्या टोपल्यात टाकला. त्यांनी तो उचलला, नाकाला लावला आणि परत माझ्या पुढ्यात ठेवला.

"वयनी, आज घरी हाच शिजवता का?"

"नाही बा. हे कोन खाईन?"

"मंग?" म्हणाले आणि निघून गेले.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. घरी येऊन आमच्या यांना म्हटलं, "बह्याड झाला तो कंपोंडर. फुकट देऊन राह्यली तं वरून नखरे!" पण त्या रात्री पालक शिजवायला घेतला, चांगल्यातला, घरासाठी बाजूला काढलेला, आणि घास काही सरळ गेला नाही. पुढच्या बाजाराला ते परत येऊन उभे. मी घरासाठी ठेवलेल्या जुडीतून अर्धी जुडी दिली. त्यांनी घेतली. आभार नाही, काही नाही. पुढच्या दुकानापुढं जाऊन उभे राहिले.

असं करत करत अख्खा बाजार त्यांनी वळणावर आणला. आपल्या ताटात जे वाढू तेच द्यायचं. मग गल्ल्यांच्या पाळ्या लागल्या. आमच्या गल्लीची गुरुवारी. कोणी पपई, कोणी भोपळा, ज्यांच्याकडं ज्वारी त्यांच्याकडून हिरवी वैरण, खाटकाकडून घारी-ससाण्यांसाठी मांसाचे तुकडे. फाटकाजवळ एक ओटा होता, त्यावर ठेवायचं, कडी वाजवायची आणि निघायचं. आत काय आहे, कोण खातंय, काही दिसायचं नाही.

आता विचार करा. आमच्याकडं रोही फार. रोही म्हणजे नीलगाय. एक कळप उतरला की तुरीचं वावर साफ. पेरणीपासून काढणीपर्यंत आमचे लोक डबे वाजवून, गोफणी फिरवून, बोंबलून बोंबलून रोही हाकलतात. त्याच लोकांनी आपल्या ताटातलं काढून रोह्यांच्या लेकरांना घालायचं, आणि त्या लेकराचं तोंडसुद्धा पाहायचं नाही. कोणी करेल असं? आमच्या गावानं केलं, वर्षानुवर्षं केलं. ते कसं झालं, मला अजून नीट सांगता येत नाही. त्या माणसापुढं उभं राहिलं की कमी द्यायची लाज वाटायची, एवढंच खरं.

आणि तो माणूस काही देवमाणूस नव्हता, हे पण सांगते. हट्टी होता, तुसडा होता. एका पोळ्याला आमच्या गल्लीतल्या बायांना वाटलं, बैलांना पुरणपोळी चारतो, तर त्या बिचाऱ्या रानजनावरांनी काय घोडं मारलं? ताटं सजवली, नारळ घेतला, हळदीकुंकू घेतलं आणि आम्ही आठ-दहा जणी फाटकावर. भाऊ बाहेर आले. ताटं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"रोह्याले पुरन? अवं माय, पोट फुगून मरन ते!"

आमची तोंडं उतरली. एक म्हातारी होती, तिनं तर पदरच डोळ्याला लावला. भाऊंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि मग खोळ काढून ओट्यावर मांडी घालून बसले. "आना इकडे." आणि आमच्या देखत एकेकीच्या ताटातली एकेक पोळी खाल्ली. तूप लावून. कोणाची म्हणून सोडली नाही. सातवी-आठवी खाताना घाम फुटला होता, पण उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांनाच औषध दिलं म्हणे.

अजून एक खूळ म्हणजे पावलं. तुम्ही त्यांना सांगा, "भाऊ, काल रस्त्यात मोर दिसला." दुसरा कोणी म्हणेल, वा! हे विचारणार, "किती पावलावर उडाला?" ससा दिसला, किती पावलांवर पळाला? लांडगा दिसला, किती पावलांवर वळला? त्यांचा हिशोब असा, की माणूस चालत गेला आणि जनावर ज्या अंतरावर पळालं, तेवढं त्याचं आयुष्य. केंद्रातलं रोही, हरीण बरं झालं, की ते आठ-पंधरा दिवसांनी जंगल खात्याच्या एका नव्या माणसाला आत नेत, मोठ्या कुंपणात त्याला जनावराकडं चालायला लावत आणि स्वतः पावलं मोजत. शंभर पावलांवरून पळालं तर सोडायचं.

"नव्वदवर पळालं तं?" मी एकदा विचारलं.

"तं दहा पावलानं मरन," ते म्हणाले.

हे सगळं मी गमतीनं ऐकायची. माझ्यावर वेळ येईपर्यंत.

कापूस वेचायचे दिवस होते. वावराच्या कडेच्या तुरीत मला एक लेकरू दिसलं. रोह्याचं. दोन-तीन दिवसांचं असेल, तांबूस, लांब पायांचं, अंग मुडपून बसलेलं. कुत्र्यानं ओढलं होतं की काय, डावा कान अर्धाच होता, त्यातून रक्त आलेलं. आजूबाजूला कळप नाही, माय नाही. माझ्याकडं पाहिलं पण हललं नाही. मला काय वाटलं असेल, सांगा. पदरात गुंडाळलं आणि घरी आणलं.

कायद्यानं रानजनावर घरी ठेवता येत नाही, हे माहीत होतं. पण बारा दिवस मी ते गोठ्याच्या मागं लपवून ठेवलं. गाईचं दूध पाजलं. कानाला हळद लावली. आमच्याकडं वासराला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात कवडी ओवून गळ्यात बांधतात, तशी बांधली. नाव ठेवलं तांबी. मी "तांबेऽऽ" म्हटलं की ती त्या काड्यांसारख्या पायांवर धावत यायची आणि माझ्या तळहाताला जीभ लावायची. आमचे हे म्हणायचे, "अवं, भाऊले सांग." मी म्हणायची, उद्या सांगते.

बाराव्या दिवशी भाऊच आले. कोणी सांगितलं, कोण जाणे. गोठ्यामागं गेले, तांबीकडं पाहिलं. तांबी त्यांच्याकडं सरळ चालत आली आणि त्यांचा शर्ट हुंगायला लागली.

"शून्य पावलं," भाऊ म्हणाले.

"माय मेली हो तिची," मी म्हटलं. "एकटीच होती तुरीत."

"कोन सांगतलं माय मेली? रोही लेकराले असंच लपवते. दिवसभर दूर चरते आन सांजेले येऊन पाजते." त्यांनी कात्रीनं गळ्यातला दोरा कापला आणि कवडी माझ्या हातात ठेवली. "ते सांजेले आली असन, वयनी. दोन-तीन सांजा आली असन."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच खाली बसले आणि रडायला लागले. जीव वाचवला म्हणून बारा दिवस मनातून फुलून गेले होते, आणि मी तर लेकरू चोरून आणलं होतं.

तांबी केंद्रात गेली. गुरुवारी मी भाजी घेऊन फाटकावर गेले आणि नेहमीसारखी बडबडत टोपलं ओट्यावर ठेवलं. माझा आवाज ऐकून आत जाळीला धडका बसायला लागल्या. धाड, धाड. भाऊ पळत बाहेर आले, बोट ओठांवर ठेवलेलं. मला रस्त्याच्या पार पलीकडं घेऊन गेले.

"आजपासून तुमी इथं बोलाचं नाही."

"मी काय केलं?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. केंद्र नवीन असताना त्यांनी हरणाचं एक पिल्लू स्वतःच्या हातानं वाढवलं होतं. बाटलीनं पाजलं, नाव ठेवलं, खांद्यावर घेऊन फिरले. जंगलात सोडलं, तर आठव्या दिवशी ते रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर आलं. माणसं बिस्किट देतील म्हणून. कुत्र्यांनी फाडलं. "पळालं नाही, वयनी. मानसं उभे होते ना तिथं. त्याले वाटलं आपलेच हायेत." एवढं बोलून ते खोळ सारखी करत आत गेले. त्या दिवसापासून मला ती खोळ हास्यास्पद वाटली नाही. तोंड लपवून, आवाज गिळून हा माणूस त्या एका पिल्लाचं देणं फेडत होता.

मी दिवसभर ओरडून भाजी विकणारी बाई. पण गुरुवारी फाटक दिसलं की तोंडात पदर कोंबायची. आठ महिने! गल्लीतल्या बायकाही माझ्यामुळं मुक्यानं चालायला लागल्या. पैंजण घातलेली एक नवी सून होती, ती रस्त्यावरच पैंजण काढून कमरेला खोचायची. आमची पाळी म्हणजे मुक्यांची दिंडीच वाटायची पाहणाऱ्याला.

पाऊस पडला, जंगलात चारा झाला. तांबी कमरेच्या वर वाढली असं ऐकलं. भाऊंनी पावलं मोजायला सुरुवात केली. बाजारात येऊन माझ्यापुढं उभे राहायचे आणि नुसता आकडा सांगायचे. "चाळीस." मग "सत्तर." मग एका बाजाराला "एकशे दहा" म्हणाले. मी तराजू खाली ठेवला आणि हात जोडले. पण त्यांचं तोंड काही खुललेलं नव्हतं.

"मानसाची भीती बसली तिले," ते म्हणाले. "तुमची नाही बसली."

झालं असं, की माझ्या भाजीत मी माझा जुना पदर टाकला होता, पालक झाकायला. तो फडका वासानं ओळखून तांबी त्याला सोडेना. त्यावरून भाऊंना शंका आली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, एका माणसाला जरी ती ओळखत असली तरी सोडता येणार नाही. आमचं वावर जंगलाला लागून. माझा आवाज ऐकून ती येणार, म्हणजे गावात येणार. गावात कुत्री, तारा, रस्ता. नाहीतर मग शहरातल्या पिंजऱ्यात पाठवायची, जन्मभरासाठी.

"मंग काय करू?" मी विचारलं.

"तिले हाकला तुमी. जशी वावरातली रोही हाकलता तशी."

केंद्राच्या मागं मोकळी जागा आहे, त्यापलीकडं साग. भाऊंनी गावाला बोलावलं. सकाळची वेळ. वर्षानुवर्षं ज्यांनी पाळीनं चारा दिला ते सगळे आले, चाळीसेक माणसं, हातात डबे, पराती, रिकाम्या गोफणी. पहिल्यांदाच त्यांना जनावर दिसणार होतं, आणि तेही हाकलण्यापुरतं. सगळे झुडपांमागं ओळीनं बसले. भाऊंनी मला मधोमध उभं केलं आणि मागच्या कुंपणाचं दार उघडलं.

मी हाक मारली. "तांबेऽऽ!"

ती आली. आठ महिन्यांनी आवाज ऐकून उडत आली म्हणा. काय देखणी झाली होती! तांबडं अंग, गळ्यावर पांढरा चट्टा, अर्धा कान. माझ्या हातात ढेकूळ होतं. दहा पावलांवर आली की मारायचं ठरलं होतं. दहा झाली, पाच झाली. तिनं माझ्या मुठीला जीभ लावली. ढेकूळ हातातच विरघळलं. मागं कोणाचा डबा वाजला नाही. मी तिच्या गळ्यात पडून रडत होते आणि चाळीस माणसं बघत होती.

भाऊंनी तिला खाण्याच्या आमिषानं आत घेतलं. मग माझ्यापाशी आले. मला वाटलं, समजूत घालतील.

"तुमी तिची माय चोरली," ते हळूच म्हणाले. "आता तिची भीती तरी द्या तिले."

असा संताप आला मला! म्हटलं, "तुमाले काळीज हाये का नाही, भाऊ? दगड हाये दगड!"

"राग आला?" ते म्हणाले. "उद्या तोच घेऊन या."

रात्रभर तळमळले. सकाळी गेले तर गाव आधीच झुडपांमागं बसलं होतं. कोणी मला हाक मारली नाही, कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. मी उभी राहिले. हाक मारली. ती आली, तशीच, उड्या मारत. वीस पावलांवर मी ढेकूळ मारलं.

ते तिच्या बरगडीवर फुटलं. ओली माती, लागलं नसेल फार. पण ती थांबली. माझ्याकडं अशी पाहत राहिली, जसं माझ्याकडून चुकून झालं असावं. आणि परत एक पाऊल पुढं टाकलं. मी दुसरं मारलं. ते तोंडावर बसलं. मग आतून कुठून तरी तो आवाज निघाला, तुरीत रोही शिरल्यावर निघतो तो. "हाऽऽ हुऽऽर्र! निंग! निंग इथून! मर तिकडे!" माझ्यामागं चाळीस डबे एकदम फुटले. पराती, गोफणींचे फटकारे, बाया, माणसं, सगळे ओरडत होते आणि सगळ्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती म्हातारी, पुरणपोळीवाली, परात बडवत होती आणि म्हणत होती, "जाय वं माय, जाय, जाय!"

तांबी वळली. पळाली. सागाच्या कडेला पोचली आणि थांबून मागं पाहिलं. माझा आवाज बसला होता. हात उठेना. तिनं कान हलवला. ती परत येणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून भाऊ पुढं धावले. खोळ फेकून दिलेली, पांढरे केस, तोंड उघडं. आणि त्या माणसानं, इतकी वर्षं आवाज गिळून बसलेल्या माणसानं, आरोळी ठोकली. ती आरोळी माणसाची वाटली नाही. साग हादरल्यासारखा झाला, पाखरं उठली. तांबी झाडीत शिरली ती दिसेनाशी झाली.

मग सगळं शांत झालं. भाऊ तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसले होते. कोणी जवळ गेलं नाही. मी गेले, आणि खोळ उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांनी ती तोंडावर ओढून घेतली. खांदे हलत होते. मला आदल्या दिवशी म्हटलेलं आठवलं, दगड. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले. लेक भैंसा गावी दिलेली, ती येऊन घेऊन गेली. केंद्रावर आता दुसरा माणूस आहे, चांगला आहे. आरसा आहे. पाळ्याही चालू आहेत, आमची गुरुवारची.

यंदा कापूस वेचत होते. सकाळची उन्हं, आदल्या रात्री अवकाळी पडून गेलेला, काळी माती ओली. मी वाकलेली होते, कंबर सोडवायला उभी राहिले, तर वावराच्या पार टोकाला, जंगलाच्या कडेला एक रोही. पोटाशी लेकरू. मान वर करून ती माझ्याकडं पाहत होती, आणि मागं उजाडलेल्या आभाळावर तिचा डावा कान दिसला. अर्धा.

तोंडातून नाव बाहेर पडलंच. थांबवता आलं नाही मला. "तांबे!"

आणि ती पळाली. लेकराला पुढं घालून अशी पळाली, की जणू वाघ पाहिला. मी वावरात उभी राहून हसत होते आणि रडत होते. आमचे हे घाबरून आले, "काय झालं? इचू चावला का?" मी म्हटलं, "पळाली! मले भेऊन पळाली!"

मग मी मोजलं. अंदाज सांगितला असता तर भाऊंनी मानला नसता. मी उभी होते तिथपासून तिच्या खुरांच्या ठशांपर्यंत, एकेक पाऊल, मोठ्यानं. एकशे चाळीस. वांग्यांची पिशवी घेतली, आरटीसीची बस धरली, निर्मलला बदलली आणि दुपारी भैंसाला पोचले.

कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत लेकीचं घर. भाऊ ओसरीवर बाजेवर बसले होते. वाळले होते फार. मी टेकलेही नव्हते, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, अपेक्षा होती तेच.

"किती पावलावर?"

"एकशे चाळीस. मोजून आली."

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. "तुमचे पावलं लहान," म्हणाले. "लुगड्यातले."

"मंग? कमी पडते का काय?"

त्यांनी काठी घेतली आणि उठले. लेक आतून ओरडली, "बाबा, कुठी चालले?" त्यांनी ऐकलं नाही. दारातून गल्लीत उतरले आणि चालायला लागले. ओठ हलत होते, मोजत होते. दुकानं मागं पडली, नळ मागं पडला. मी उंबऱ्यावर उभी. पिठाच्या गिरणीजवळ जाऊन ते थांबले आणि वळले. एवढेसे दिसत होते. त्यांची शंभर पावलं इतकी लांब असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तिथून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. काठी खाली पडली. आणि ज्या माणसानं माझ्या देखत कधी कोणत्या जनावराला नावानं हाक मारली नाही, तो भर दुपारी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला,

"इतक्या लांबून पळाली का वो आपली तांबीऽऽ?"

"हो भाऊऽऽ!" मी ओरडले. "इतक्याच लांबून!"

बाया दारात आल्या. गिरणीवाला गिरणी बंद करून बाहेर आला. लेक म्हणाली, "आत्या, लोकं पाहून राह्यले नं." मी म्हटलं, पाहू दे.